ख्रिस्ती धर्मातील नेतृत्व आणि अनुयायित्व

ख्रिस्ती मंडळीत आणि समाजात अधिकार कोणी, कशासाठी व किती मर्यादेपर्यंत वापरावा आणि त्या अधिकाराला इतरांनी कसा प्रतिसाद द्यावा, यासंबंधीच्या ख्रिस्ती शिकवणुकीला व प्रथांना एकत्रितपणे ख्रिस्ती धर्मातील नेतृत्व आणि अनुयायित्व असे म्हणता येते. या विचाराचा मुख्य आधार बायबल, आणि त्यातही नव्या करारातील शुभवर्तमाने व प्रेषितांची पत्रे हा आहे.

ख्रिस्ती श्रद्धेनुसार मंडळीचा मस्तक एकटा येशू ख्रिस्त होय. त्यामुळे मंडळीतील प्रत्येक पुढारी, मग तो पोप असो, बिशप असो वा खेड्यातील पाळक असो, प्रथम अनुयायी असतो आणि नंतर नेता. या एका भूमिकेतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की नेतृत्व ही मालकी नसून सोपवलेली सेवा आहे व तिचा हिशोब द्यावा लागतो. दुसरा असा की माणसाने माणसाच्या आज्ञेत राहणे हे सशर्त असते. नेता देवाच्या इच्छेविरुद्ध जात असेल तर त्याला अडवणे हादेखील अनुयायित्वाचाच भाग ठरतो. पहिल्या निष्कर्षाचा उच्चार ख्रिस्ती इतिहासात वारंवार झाला. दुसऱ्याचा विसर मात्र अनेकदा पडला आणि त्यातून गंभीर अनर्थ घडले.

## संज्ञा

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्या काळी सत्ताधाऱ्यांसाठी जे ग्रीक शब्द रूढ होते, त्यांचा उपयोग नव्या करारात मंडळीच्या पुढाऱ्यांसाठी क्वचितच होतो. त्यांच्यासाठी प्रामुख्याने पुढील शब्द आढळतात.

* डायकोनोस – सेवक, पंगतीत वाढणारा. 'डीकन' हे पद यावरून आले.
* दूलोस – दास, गुलाम.
* पोइमेन – मेंढपाळ. लॅटिनमधील 'पास्तोर' याच अर्थाचा असून मराठीतील 'पाळक' ही संज्ञा त्याच कल्पनेवर आधारलेली आहे.
* प्रेस्ब्युतेरोस – वडील, ज्येष्ठ.
* एपिस्कोपोस – देखरेख करणारा. 'बिशप' हा शब्द यापासून बनला. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'अध्यक्ष' असा शब्द योजलेला आहे.

अनुसरण्यासाठी 'अकोलोउथेओ' म्हणजे 'मागोमाग चालणे' हे क्रियापद येते. शिष्य म्हणजे केवळ मत मान्य करणारा नव्हे, तर गुरूच्या वाटेने प्रत्यक्ष चालणारा, असा भाव त्यात आहे. आज्ञापालनासाठी रूढ असलेल्या लॅटिन व ग्रीक शब्दांच्या मुळाशी 'ऐकणे' हा अर्थ आहे.

महाराष्ट्रातील प्रोटेस्टंट समाजात 'मंडळी' व 'पाळक', तर कॅथोलिक समाजात 'ख्रिस्तसभा' व 'धर्मगुरू' हे शब्द प्रचलित आहेत.

## जुन्या करारातील पार्श्वभूमी

### अधिकाराची वाटणी

निर्गमाच्या १८व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे निवाडे करीत बसलेला दिसतो. त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की या रीतीने तो स्वतः झिजून जाईल आणि लोकही थकतील. इथ्रोच्या सल्ल्याने मोशे हजार, शंभर, पन्नास व दहा लोकांवर विश्वासू माणसे नेमतो. इथ्रो हा इस्राएली नव्हे, मिद्यानी होता. परक्या माणसाचा योग्य सल्ला मान्य करणारा नेता म्हणून मोशेचा हा प्रसंग सांगितला जातो.

गणना या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात सत्तर वडिलांना मोशेच्या कार्यात वाटा मिळतो. त्या वेळी एल्दाद व मेदाद हे दोघे छावणीतच राहून संदेश देऊ लागतात. तरुण यहोशवा त्यांना थांबवण्याची विनंती करतो. परंतु मोशे त्याला विचारतो की तू माझ्या वतीने हेवा करतोस काय, आणि सगळेच लोक संदेष्टे झाले तर बरे, अशी इच्छा व्यक्त करतो. अनुयायाची अतिनिष्ठा नेत्याने कशी हाताळावी, याचे हे उदाहरण आहे.

### राजा आणि संदेष्टा

इस्राएल लोकांनी राजाची मागणी केली तेव्हा शमुवेलाने राजसत्तेचे दुष्परिणाम त्यांच्यासमोर मांडले: राजा मुलांना सैन्यात नेईल, शेते व मळे घेईल, पिकाचा दशांश घेईल (१ शमुवेल ८). अनुवादाच्या १७व्या अध्यायात राजावर स्पष्ट बंधने घातलेली आहेत. त्याने पुष्कळ घोडे, पुष्कळ स्त्रिया आणि सोन्यारुप्याचा साठा करू नये. नियमशास्त्राची प्रत स्वतःजवळ बाळगून ती रोज वाचावी आणि आपल्या बांधवांपेक्षा स्वतःला थोर समजू नये.

दावीद राजाने बथशेबेचे अपहरण करून तिचा पती उरीया यास युद्धात मरू दिले, तेव्हा नाथान संदेष्ट्याने एका गरीब माणसाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून राजाकडूनच त्याच्या अपराधाचा निवाडा करवून घेतला (२ शमुवेल १२). शलमोनाचा मुलगा रहबाम याला वृद्ध सल्लागारांनी लोकांचा सेवक होण्यास सांगितले होते. त्याने तो सल्ला झिडकारून आपल्या समवयस्कांचा कठोर सल्ला मानला आणि दहा वंश राज्यातून फुटून निघाले (१ राजे १२).

यहेज्केलाच्या ३४व्या अध्यायात पुढाऱ्यांना मेंढपाळाची उपमा दिलेली आहे. कळपाला चारण्याऐवजी स्वतःचेच पोट भरणाऱ्या, दुबळ्यांना आधार न देणाऱ्या मेंढपाळांचा तेथे कडक निषेध असून देव स्वतः आपल्या कळपाचा सांभाळ करील, असे म्हटले आहे.

### आज्ञा नाकारणारे अनुयायी

मिसरच्या राजाने इब्री मुलगे जन्मतःच मारण्याचा हुकूम दिला असता शिफ्रा व पुवा या सुइणींनी तो पाळला नाही (निर्गम १). शौल राजाने आपला मुलगा योनाथान याला मृत्युदंड सुनावला, तेव्हा सैन्याने त्याला वाचवले (१ शमुवेल १४). पुढे शौलाने नोब येथील याजकांना ठार मारण्याचा हुकूम सोडला. त्याच्या शिपायांनी हात उचलण्यास नकार दिला. परंतु दवेग नावाच्या अदोमी माणसाने तो हुकूम अमलात आणला (१ शमुवेल २२). एकाच हुकुमाला मिळालेले हे दोन प्रतिसाद अनुयायित्वाच्या चर्चेत विशेष महत्त्वाचे ठरतात, कारण हुकूम राजाचा असला तरी हत्या दवेगाच्या हातून घडली.

## नवा करार

### येशूची शिकवण

या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा उतारा मार्ककृत शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात आहे. जब्दीचे मुलगे याकोब व योहान हे येशूच्या वैभवात त्याच्या उजव्या व डाव्या बाजूची आसने मागतात. मत्तयाच्या वृत्तांतात ही मागणी त्यांची आई करते. इतर दहा शिष्य त्यांच्यावर रागावतात. येशू सर्वांना जवळ बोलावून परराष्ट्रीयांचे अधिपती कसे सत्ता गाजवतात हे दाखवतो आणि त्याच्या अनुयायांमध्ये असे नसावे, जो मोठा होऊ पाहतो त्याने सर्वांचा दास व्हावे, असे शिकवतो. आपण सेवा करून घेण्यास नव्हे तर सेवा करण्यास व प्राण देण्यास आलो आहोत, हे तो याच ठिकाणी सांगतो. येशू मोठे होण्याची इच्छा खोडून काढत नाही, मोठेपणाची व्याख्याच बदलतो, असे अनेक भाष्यकारांनी नमूद केले आहे.

योहानकृत शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. हे काम त्या काळी घरातील गुलामाचे होते. पेत्र प्रथम त्याला विरोध करतो. गुरू व प्रभू असूनही आपण हे केले, तेव्हा शिष्यांनीही एकमेकांचे पाय धुवावेत, असा त्याचा अर्थ येशू स्पष्ट करतो. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी या घटनेच्या स्मरणार्थ केला जातो. कॅथोलिक चर्चमध्ये या विधीत स्त्रियांचा समावेश करण्यास पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये अधिकृत अनुमती दिली.

मत्तयाच्या २३व्या अध्यायात येशू शास्त्री व परूशी यांच्यावर टीका करतो, कारण ते लोकांच्या खांद्यांवर जड ओझी लादतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत. आपल्या शिष्यांनी गुरू, पिता वा नेता अशा पदव्या मिरवू नयेत, कारण ते सगळे एकमेकांचे भाऊ आहेत, असेही तो सांगतो.

### पेत्र: नेता आणि अनुयायी

बारा शिष्यांमध्ये पेत्र अग्रस्थानी असला तरी शुभवर्तमानांत त्याच्या चुका लपवलेल्या नाहीत. येशूने आपल्या मरणाविषयी सांगितले तेव्हा पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावू लागला. त्यावर येशूने त्याला कठोर शब्दांत आपल्या मागे जाण्यास सांगितले (मार्क ८). अनेक अभ्यासकांच्या मते हा केवळ धिक्कार नसून शिष्याची जागा मागे असते याची आठवण आहे. येशूच्या अटकेनंतर पेत्राने त्याला तीनदा नाकारले. योहानाच्या २१व्या अध्यायात पुनरुत्थित येशू त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारतो व मेंढरे सांभाळण्याचे काम सोपवतो. त्याच वेळी म्हातारपणी दुसरा कोणी त्याला नको तेथे नेईल, असे सांगून पुन्हा आपल्या मागे येण्यास बजावतो. मेंढरांचा पाळक शेवटपर्यंत अनुयायीच राहतो, हा अर्थ या प्रसंगातून घेतला जातो.

### क्रूसाजवळच्या स्त्रिया

येशूच्या अटकेच्या वेळी शिष्य पळून गेले. क्रूसावरील मरण दुरून पाहणाऱ्यांत मग्दालीया मरीया, सलोमे व इतर स्त्रिया होत्या. त्यांच्याविषयी मार्क म्हणतो की गालीलात असताना त्या येशूच्या मागे चालत व त्याची सेवा करीत (मार्क १५). अनुसरण व सेवा या दोन्ही क्रियापदांचा एकाच वाक्यात असा उपयोग या स्त्रियांबाबत झाला आहे.

### आरंभीची मंडळी

यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषक विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार उठली. प्रेषितांनी ती दडपली नाही. सर्व शिष्यांना बोलावून त्यांनी सात जण निवडण्यास सांगितले, आणि मंडळीने निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत (प्रेषितांची कृत्ये ६). ज्या गटावर अन्याय होत होता, बहुधा त्याच गटाच्या हाती वाटप सोपवले गेले.

करिंथ येथील मंडळीत पौल, अपुल्लोस व केफा यांच्या नावाने तट पडले होते. पौलाने या व्यक्तिनिष्ठेवर टीका करून आपण व अपुल्लोस केवळ सेवक आहोत, वाढवणारा देव आहे, असे लिहिले. त्याच पत्राच्या १२व्या अध्यायात त्याने मंडळीला शरीराची उपमा दिली. डोळा हाताला वा डोके पायाला नको म्हणू शकत नाही आणि दुर्बळ वाटणारे अवयवही आवश्यक असतात, असा त्याचा आशय आहे.

अंत्युखियात पेत्र प्रथम परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे. परंतु याकोबाकडून काही लोक आल्यावर तो भीतीने मागे सरला आणि त्याचे पाहून बर्णबासुद्धा तसेच वागू लागला. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला त्याची चूक दाखवली (गलतीकरांस २). प्रमुख प्रेषितालाही जाहीरपणे चुकीची जाणीव देता येते, याचा दाखला म्हणून पुढील काळात हा प्रसंग अनेकदा उद्धृत झाला.

योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाच्या पुढाऱ्याचा उल्लेख आहे. त्याला पहिल्या स्थानाची हाव असून तो आलेल्या बांधवांचा स्वीकार करीत नाही आणि स्वीकारणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवतो. पत्राचा लेखक गायसाला वाईटाचे अनुकरण न करण्यास सांगतो.

### आज्ञापालन आणि त्याच्या मर्यादा

इब्री लोकांस पत्राच्या १३व्या अध्यायात पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहण्याचा उपदेश आहे. तेथील 'पेइथो' या ग्रीक क्रियापदाच्या रूपाला 'पटवून घेणे, विश्वास ठेवणे' अशीही छटा आहे. त्याच वचनात पुढाऱ्यांना हिशोब द्यावा लागणार असल्याचे म्हटले आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात वडिलांनी जुलमाने वा पैशाच्या लोभाने नव्हे, तर स्वखुशीने कळप राखावा, धनीपण न करता कित्ता घालून द्यावा, असे सांगितले आहे.

शासनाच्या बाबतीत रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्यास सांगतो, तर प्रेषितांच्या कृत्यांच्या ५व्या अध्यायात पेत्र व इतर प्रेषित न्यायसभेसमोर माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानणे भाग असल्याचे ठणकावून सांगतात. या दोन उताऱ्यांतील ताण ख्रिस्ती राजकीय विचाराच्या केंद्रस्थानी राहिला आहे. बिरुया येथील लोक पौलाचे सांगणे खरे आहे की नाही, हे रोज शास्त्र तपासून पाहत आणि त्याबद्दल त्यांची प्रशंसाच केलेली आहे (प्रेषितांची कृत्ये १७).

## इतिहास

### आरंभीची शतके

'डिडाखे' या आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेत फिरत्या प्रेषितांची पारख करण्याचे व्यावहारिक नियम आहेत. तीन दिवस मुक्काम ठोकणारा किंवा निघताना पैसे मागणारा खोटा समजावा, असे तेथे म्हटले आहे. तिसऱ्या शतकातील कार्थेजचा बिशप सिप्रियन याने वडिलांच्या सल्ल्याविना व लोकांच्या संमतीविना काही न करण्याचा आपला संकल्प पत्रातून कळवला होता. ३९० मध्ये थेस्सलनीका येथे झालेल्या कत्तलीबद्दल मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राट थिओडोसियस याला प्रायश्चित्त घेण्यास भाग पाडले. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन आपल्या पदाचे भय व ख्रिस्ती असल्याचे समाधान यांत फरक करीत असे. लोकांसाठी आपण बिशप आहोत, पण लोकांबरोबर ख्रिस्ती आहोत, असा त्याच्या एका प्रवचनाचा आशय आहे.

### मठजीवन आणि मध्ययुग

सहाव्या शतकात नुर्सियाच्या बेनेडिक्टने लिहिलेल्या नियमावलीत मठाधिपतीला मोठा अधिकार आहे. परंतु महत्त्वाच्या प्रश्नावर त्याने सर्व बंधूंना बोलवावे, कारण देव पुष्कळदा सर्वांत लहान्याला योग्य गोष्ट सुचवतो, असा तिसऱ्या अध्यायाचा आशय आहे. ६८व्या अध्यायानुसार अशक्य काम सांगितले गेल्यास बंधूने नम्रपणे अडचण मांडावी. पोप पहिला ग्रेगरी (कारकीर्द ५९०–६०४) याने मेंढपाळांच्या कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला व स्वतःसाठी 'देवाच्या सेवकांचा सेवक' ही उपाधी वापरली. ती पोपच्या उपाध्यांत आजही आहे.

असिसीच्या फ्रान्सिसने आपल्या संघातील प्रमुखांना 'मिनिस्तेर' म्हणजे सेवक असे नाव दिले. १२२३च्या नियमावलीत बंधूंनी आत्म्याच्या व नियमाच्या विरोधात नसलेल्या गोष्टींतच आज्ञा पाळावी, अशी मर्यादा आहे. तेराव्या शतकातील तत्त्ववेत्ता थॉमस अक्वायनस याने श्रद्धेला धोका असेल तर कनिष्ठानेही वरिष्ठाला जाहीरपणे सुधारावे, असे प्रतिपादन केले आणि त्यासाठी अंत्युखियातील प्रसंगाचा आधार घेतला. सिएनाच्या कॅथरीनने पोप अकराव्या ग्रेगरीला खडसावणारी पत्रे लिहून अव्हिन्यों सोडून रोमला परतण्याचा आग्रह धरला. १३७७ मध्ये तो रोमला परतला.

या आदर्शांच्या जोडीने मध्ययुगात बिशपपदे जहागिरीसारखी भोगली जाणे, पदांची खरेदीविक्री व पाखंडाच्या नावाखाली छळ हेही घडले.

### धर्मसुधारणा

मार्टिन लूथरने १५२० मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिलेल्या पुस्तिकेत श्रद्धेने तो कोणाचाही बांधील नाही आणि प्रेमाने सर्वांचा सेवक आहे, असा दुहेरी सिद्धांत मांडला. सर्व विश्वासणाऱ्यांच्या याजकपणाचा विचारही त्याने पुढे आणला. मात्र १५२५ मधील शेतकऱ्यांच्या उठावात त्याने सरदारांना कठोर दडपशाहीस उत्तेजन दिले. जॉन कॅल्व्हिनच्या प्रभावाखाली जिनिव्हात १५४१ मध्ये पाळक, शिक्षक, वडील व डीकन अशी चार पदांची व्यवस्था झाली.

### विसावे शतक

हिटलर जर्मनीचा चॅन्सलर झाल्यानंतर दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारी १९३३ रोजी, धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर याचे नेत्याच्या कल्पनेवरील रेडिओभाषण प्रसारित होत असताना मध्येच बंद पडले. पदाच्या मर्यादा न मानणारा आणि अनुयायांना स्वतःची मूर्ती बनवू देणारा नेता लोकांची दिशाभूल करतो, असे त्याचे म्हणणे होते. मे १९३४ मधील बार्मेन घोषणापत्राच्या चौथ्या कलमाने मंडळीतील निरनिराळी पदे म्हणजे काहींची इतरांवर सत्ता नव्हे, असे सांगून विशेष अधिकार असलेल्या नेत्यांची कल्पना नाकारली. अनुसरणावरील बोनहोफरचा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फ्लोसेनबुर्ग येथे फाशी देण्यात आली. त्याच काळात जर्मनीतील असंख्य ख्रिस्ती लोकांनी रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायाचा आधार घेत नाझी राजवटीला साथ दिली.

अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ फेब्रुवारी १९६८ रोजी अटलांटा येथील एबेनेझर बाप्टिस्ट चर्चमध्ये याकोब व योहान यांच्या मागणीवर प्रवचन दिले. मिरवणुकीच्या पुढे चालण्याची हौस प्रत्येकात असते; ती सेवेकडे वळवली तर कोणीही थोर होऊ शकतो, कारण सेवेला पदवी लागत नाही, असा त्याचा गाभा होता. त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांची हत्या झाली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये संमत केलेल्या 'लूमेन जेन्सियम' या दस्तऐवजात 'देवाची प्रजा' हा अध्याय धर्माधिकाऱ्यांवरील अध्यायाच्या आधी ठेवला आहे. या क्रमालाच सैद्धांतिक महत्त्व आहे, असे मानले जाते.

## मंडळीची शासनपद्धती

ख्रिस्ती पंथांमध्ये नेतृत्वाची तीन मुख्य रूपे आढळतात. कॅथोलिक, ऑर्थोडॉक्स व अँग्लिकन परंपरांत बिशपकेंद्री, प्रेस्बिटेरियन परंपरेत निवडलेल्या वडिलांच्या सभांची, तर बाप्टिस्ट व काँग्रिगेशनल परंपरांत स्थानिक मंडळीच्या सभासदांनी निर्णय घेण्याची पद्धत आहे. क्वेकर पंथाच्या काही शाखांत वेतनधारी धर्मगुरू नसतात. मतदानाऐवजी सर्वांच्या एकत्रित प्रतीतीने निर्णय होतो. पद्धत कोणतीही असली तरी अधिकाराचा दुरुपयोग तिच्यात शक्य असतो. बिशपकेंद्री रचनेत उत्तरदायित्व वरच्या वर्तुळात अडकू शकते, तर स्वतंत्र मंडळीत एका प्रभावी वक्त्याला आवरणारे कोणी उरत नाही.

## भारत आणि महाराष्ट्र

भारतात हा प्रश्न परदेशी मिशनरी व देशी ख्रिस्ती यांच्या संबंधांशी जोडला गेला. १९१० मध्ये एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरिया यांनी मिशनऱ्यांच्या त्यागाची कृतज्ञतेने नोंद घेऊन त्यांच्याकडून बरोबरीच्या मैत्रीची अपेक्षा व्यक्त केली. १९१२ मध्ये ते दोर्नाकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप होत.

पंडिता रमाबाई यांचा इंग्लंडमधील वाँटेज येथे १८८३ मध्ये बाप्तिस्मा झाला. त्यानंतर चर्चच्या अधिकाऱ्यांशी व आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे, या प्रस्तावाला भारतातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा आपल्या वर्तनाचा निर्णय इतरांनी परस्पर घ्यावा, हे त्यांना मान्य झाले नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, अशी त्यांची पत्रव्यवहारातील भूमिका होती. ख्रिस्तावरील निष्ठा आणि चर्चच्या अधिकाऱ्यांची आज्ञा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी आग्रहाने मांडले. त्यांनी पुढे केडगाव येथे मुक्तिसदनाची उभारणी केली आणि बायबलचे मूळ भाषांतून मराठी भाषांतर केले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मात्र पतीमागोमाग धर्मांतर केले नाही. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि जातिभेदाविषयीचे त्यांचे स्वतःचे विचार बदलल्यानंतरच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात हा प्रवास आला आहे. टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ काम केले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त जीवन पत्करले आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तानुयायांचा बंधुसंघ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोन्ही प्रकारच्या अनुयायांना स्थान होते. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. बिशप मानणाऱ्या व न मानणाऱ्या परंपरा एकत्र येत असल्याने नेतृत्वाचे स्वरूप हा वाटाघाटींतील कळीचा मुद्दा होता. नव्या रचनेत बिशप, वडील व स्थानिक मंडळी या तिन्ही घटकांना स्थान देण्यात आले.

वसई परिसरात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई चळवळीचे नेतृत्व केले. या चळवळीत निरनिराळ्या धर्मांचे लोक सामील होते. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

## व्यवस्थापनशास्त्राशी संबंध

रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये 'सेवक-नेतृत्व' ही संज्ञा एका निबंधातून रूढ केली. ते स्वतः क्वेकर असले तरी या कल्पनेची प्रेरणा त्यांनी हर्मन हेसे याच्या कादंबरीतील लिओ या नोकराच्या पात्रावरून घेतल्याचे सांगितले आहे. अनुयायित्वाकडे व्यवस्थापनशास्त्राचे लक्ष उशिरा गेले. रॉबर्ट केली यांनी १९८८ मध्ये स्वतंत्र विचार व सक्रिय सहभाग या दोन निकषांवर अनुयायांचे प्रकार पाडले. आयरा शॅलेफ यांनी १९९५ मधील पुस्तकात नेत्याला साथ देण्याचे आणि त्याला आव्हान देण्याचे धैर्य ही दोन्ही चांगल्या अनुयायाची लक्षणे मानली.

ख्रिस्ती विचारवंतांनी या मांडणीचे स्वागत केले; तथापि एक फरकही दाखवला आहे. संस्थेची कार्यक्षमता वाढवण्याचे तंत्र म्हणून केलेली सेवा आणि क्रूसापर्यंत नेणारी सेवा एकच नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे.

## टीका आणि वाद

सेवेच्या भाषेचा दुरुपयोग. सत्ता हाती असलेल्याने स्वतःला सेवक म्हणवून घेतल्यास त्याच्या सत्तेवर प्रश्न विचारणे कठीण होते, असा आक्षेप घेतला जातो. दुसरीकडे, ज्यांना आधीच सेवेला जुंपलेले आहे अशा स्त्रियांना, गुलामांना व दलितांना नम्रतेचा उपदेश करणे म्हणजे अन्याय टिकवणे होय, असे स्त्रीवादी व मुक्तिवादी धर्मशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. अमेरिकेतील गुलामांच्या मालकांनी इफिसकरांस पत्रातील दासांविषयीच्या वचनांचा असाच वापर केला होता. मार्कच्या १०व्या अध्यायातील उपदेश सिंहासन मागणाऱ्यांना उद्देशून आहे, पायदळी तुडवल्या गेलेल्यांना नव्हे, याकडे हे अभ्यासक लक्ष वेधतात.

अंध आज्ञापालन. १९७८ मध्ये गयानातील जोन्सटाउन येथे जिम जोन्स याच्या नऊशेहून अधिक अनुयायांचा मृत्यू झाला. १९७०च्या दशकात अमेरिकेतील 'शेफर्डिंग' चळवळीत प्रत्येक सभासदाने विवाह, नोकरी अशा खासगी बाबींतही आपल्या आध्यात्मिक वरिष्ठाचे ऐकावे, अशी अपेक्षा असे. तिच्यावर त्या काळातच तीव्र टीका झाली.

लैंगिक अत्याचार. २००२ मध्ये 'बोस्टन ग्लोब' या वृत्तपत्राने धर्मगुरूंकडून झालेले बालकांचे लैंगिक शोषण व वरिष्ठांनी ते दडपल्याची प्रकरणे उघड केली. अशी प्रकरणे पुढे अनेक देशांत व निरनिराळ्या पंथांत समोर आली. पीडितांना गप्प करण्यासाठी आज्ञाधारकता, क्षमा व चर्चची अब्रू या शब्दांचा उपयोग झाला होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मधील पत्रात धर्माधिकाऱ्यांच्या वर्चस्ववादाला दोष दिला. २०१९ मध्ये बिशपांविरुद्धच्या तक्रारींचीही नोंद व चौकशी करण्याचे नियम जारी झाले.

स्त्रियांचे नेतृत्व. रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी, प्रिस्किल्ला व युनिया यांचा गौरवपूर्वक उल्लेख आहे. तर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रीने पुरुषावर अधिकार चालवू नये, असे म्हटले आहे. या वचनांच्या अर्थावरून पंथांमध्ये मतभेद आहेत. कॅथोलिक व ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा दिली जात नाही. चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ मध्ये पुष्पा ललिता या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. व्हॅटिकन येथील बिशपांच्या महासभेत ऑक्टोबर २०२३ मध्ये स्त्रियांना प्रथमच मतदानाचा अधिकार मिळाला.

## हेही पहा

* बायबल
* येशू ख्रिस्त
* संत पेत्र
* पंडिता रमाबाई
* नारायण वामन टिळक
* लक्ष्मीबाई टिळक
* डीट्रिख बोनहोफर
* दुसरी व्हॅटिकन परिषद
* चर्च ऑफ नॉर्थ इंडिया